मास्तरीणबाईंचा प्रवेशअर्ज

प्रवेश रद्द करण्यासाठी मास्तर विद्यापीठाच्या नोंदणी कक्षाच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, तेव्हा त्यांना वाटले होते की पाच मिनिटांचे काम आहे. ज्या माणसाने छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत काढली, त्याला कचेऱ्यांच्या खिडक्यांची एवढी तरी ओळख असायला हवी होती. पण दुःखात माणूस भाबडा होतो.

पत्र आले होते ते त्यांच्या पत्नीच्या, मास्तरीणबाईंच्या नावाने. पहिलाच शब्द 'अभिनंदन'. त्यांना जाऊन तेव्हा तेवीस दिवस झाले होते. गावातल्या कॅथलिक विद्यापीठाने 'जगातील धर्म आणि अध्यात्मपरंपरा' या सहा महिन्यांच्या वर्गात, साठीपुढच्यांसाठी राखलेल्या जागेवर, त्यांना प्रवेश दिला होता. त्यांनी अर्ज कधी केला, कुठे बसून लिहिला, पाकीट कोणत्या पेटीत टाकले, यातले मास्तरांना काहीच माहीत नव्हते. आणि आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, हा अनुभवच मास्तरांना इतका नवा होता की त्याचे आधी दुःख झाले नाही, अपमान वाटला.

माहितीपत्रक तेवढे त्यांना आठवत होते. ते घरी आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्यांनीच मोठ्याने वाचून दाखवले होते. बागकामाच्या वर्गावर ते वीस मिनिटे बोलले. खगोलशास्त्रावर पाऊण तास. त्यात एक संत्रे पृथ्वी झाले आणि मास्तरीणबाईंच्या हातातला चमचा धूमकेतू झाला. हस्ताक्षर, छायाचित्रण, प्रथमोपचार, मास्तरांना सगळेच येत होते. फक्त धर्मपरंपरांचे पान आले तेव्हा "यातलं आपल्याला काही कळत नाही, आणि कळण्यासारखं काही नसावंही," असे म्हणून त्यांनी ते उलटले. आयुष्यात त्यांनी न शिकवता उलटलेले ते एकमेव पान.

"रद्द करायचा असेल तर अर्जदाराने स्वतः यायला हवं," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"ती येऊ शकत नाही."

"मग त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणा."

"बाई, ती वारली."

बाईंचा चेहरा खरोखरच उतरला. त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्या. "अरेरे," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ नियमांचे पुस्तक चाळत राहिल्या. "मास्तर, मला फार वाईट वाटतं. पण रद्द करायच्या कारणांत तो रकाना नाही. आजारपण आहे, स्थलांतर आहे, विषय न आवडणं आहे."

"मग विषय आवडला नाही असं लिहा."

"ते त्यांनी स्वतः येऊन सांगायला हवं."

दुसरी वाट एकच होती. नियम अठरा: ज्येष्ठांच्या राखीव जागा जोडीदाराच्या नावे वर्ग करता येतात. एव्हाना मागे सहा माणसे उभी होती आणि त्यातला एक जण घड्याळाकडे बघून घसा साफ करत होता. मास्तरांनी नाही म्हणायला तोंड उघडले, आणि तेवढ्यात बाईंनी फाइल उघडली. काचेतून मास्तरांना मास्तरीणबाईंचे अक्षर दिसले.

वाणसामानाच्या याद्यांखेरीज ते अक्षर त्यांनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. वर छापील प्रश्न होता: 'या अभ्यासक्रमाला का यावेसे वाटते?' आणि खाली तिरक्या, दाबून लिहिलेल्या ओळी. मास्तरांनी सवयीने मोजल्या. अकरा. अडतीस वर्षांच्या संसारात या बाईने त्यांना सलग अकरा ओळी कधी सांगितल्या नव्हत्या.

"मला वाचता येईल का ते?"

"गोपनीय असतं. वर्ग पूर्ण झाला की फाइल विद्यार्थ्याला परत देतो. नापास झाला किंवा मध्येच सोडला, तर वर्षअखेरीला नष्ट करतो."

मास्तरांनी खिशातून पेन काढले. प्रवेश रद्द करायला गेलेला माणूस विद्यार्थी होऊन घरी परतला.

जिन्यातच वरच्या मजल्यावरचे विमावाले भेटले. मास्तर आणि विमावाले अकरा वर्षांचे शेजारी, आणि दोघेही सल्ला देणारे. दोघे एकाच वेळी बोलत असल्यामुळे एकाचाही सल्ला दुसऱ्याला कधी लागला नव्हता, हे त्यांच्या मैत्रीचे रहस्य. जिन्यात मात्र जो वरच्या पायरीवर असेल त्याचे पारडे जड असे, आणि आज विमावाले वर होते.

"माझं ऐका मास्तर, या वयात धर्माच्या भानगडीत पडू नका. ते तुम्हाला बाटवतील तरी, नाही तर तुम्ही त्यांना बाटवाल. दोन्हीकडून वाईट."

"अहो, तिथे सगळ्याच धर्मांचा..."

"तेच म्हणतोय! एक असता तर गोष्ट वेगळी. सगळ्यांचा धोका एकदम कोणी पत्करतं का?"

वर्गात चौदा जण होते. शिकवायला एक वयस्कर सिस्टर होत्या; पांढरा झगा, पायांत कापडी बूट, आणि आवाज इतका हळू की पहिल्या बाकावर बसल्याशिवाय ऐकू येऊ नये. मास्तर पहिल्या बाकावर बसले, पण ते ऐकण्यासाठी नव्हे. पहिल्या दिवशी त्यांनी फळा कसा पुसावा हे दाखवले. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या नकाशातली एक नदी दुरुस्त केली. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, तुमचं उत्तर फारच छान आहे. मला प्रश्न तेवढा अजून विचारायचा होता."

सगळे हसले. मास्तरही हसले, पण घरी येताना दोन वळणे चुकले. ज्या माणसापुढे छत्तीस वर्षे वर्ग हसला नाही, त्याला असे हसू कुठे ठेवावे ते कळत नाही.

मग आला प्रात्यक्षिकाचा भाग. प्रत्येकाने आपला नसलेला एक पंथ निवडायचा, पाच आठवडे त्यांच्या उपासनेला जायचे, आणि 'सहभागी झाले' असे पत्र त्या संस्थेच्या प्रमुखाच्या सहीशिक्क्यानिशी आणायचे. त्याशिवाय पास नाही. भांडणे नकोत म्हणून सिस्टरांनी चिठ्ठ्या टाकल्या. शेजारच्या निवृत्त वैमानिकाला मशीद मिळाली, मागच्या बाकावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना बौद्ध विहार. कोणाला दिवे होते, कोणाला गालिचे, कोणाला घंटा आणि सुरेल पठण. मास्तरांच्या चिठ्ठीवर लिहिले होते: 'मौनसभा'.

हा ख्रिस्ती लोकांतलाच एक लहानसा पंथ. पाद्री नाही, वेदी नाही, गाणे नाही. रविवारी दहा वाजता सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत जमायचे, चौकोनात मांडलेल्या बाकांवर बसायचे आणि तासभर गप्प राहायचे. कोणाला आतून, अगदी राहवेनासे होऊन, काही सांगावेसे वाटले, तर त्याने उठून सांगावे. तास भरला की भिंतीवरचे घड्याळ पाहून म्हातारा सुतार शेजारच्याचा हात हातात घेई, तो त्याच्या शेजारच्याचा, आणि हात असा चौकोनभर फिरून आला की सभा संपली.

मुलीने फोनवर हे ऐकले आणि ती हसत सुटली. "बाबा, तुम्ही? गप्प? थांबा, हे आधी आईला..."

मग मुलगी म्हणाली, "जेवण वेळेवर करता ना?" आणि मास्तरांनी जेवण वेळेवर का करावे याची चार कारणे सांगितली.

पहिल्या रविवारी मास्तर बसले आणि घाबरले. शिक्षकाच्या कानाला शांतता सोसत नाही. वर्गात गडबड असली की समजावे सगळे ठीक आहे. एकदम सामसूम झाली, की कोणाच्या तरी दप्तरात बेडूक आहे. इथे सतरा मोठी माणसे चिडीचूप बसली होती आणि एकाच्याही चेहऱ्यावर गुन्हा दिसत नव्हता. दहा मिनिटे मास्तरांनी कशीबशी काढली. अकराव्या मिनिटाला त्यांना राहवेना, आणि राहवेनासे झाले तर बोलावे असा नियमच होता. ते उठले आणि मेणबत्तीच्या शोधावर बोलले. बोलणे संपल्यावर लगेच कोणी काही म्हणायचे नाही, शब्द आत उतरू द्यायचे, अशी त्या लोकांची रीत. मास्तरांना वाटले, मंडळी भारावली.

त्यामुळे दुसऱ्या रविवारी ते पाठीचा कणा आणि बसण्याची योग्य पद्धत यावर बोलले. तिसऱ्या रविवारी घरून टिपणे काढून नेली. बोलणाऱ्याला कोणी थांबवायचे नाही, हीही त्यांची रीतच. मास्तरांना असा श्रोतृवर्ग जन्मात मिळाला नव्हता. चौथ्या रविवारी ते पावसाचे चक्र समजावण्यासाठी शाळेतला जुना गुंडाळीचा तक्ता घेऊन गेले. तक्ता अडकवायला खिळा म्हणून एकच होता, घड्याळाचा. मास्तरांनी दोन्ही एकाच खिळ्यावर अडकवायचा प्रयत्न केला. ढगांपर्यंत सगळे सुरळीत झाले. पाऊस पडू लागला तेव्हा खिळा निघाला आणि पावसासकट घड्याळ खाली आले.

सुताराने काही न बोलता खिळा ठोकला आणि घड्याळ परत लावले. ते दहा वाजून बावीस मिनिटांवर बंद पडले होते, हे त्याच्या लक्षात आले नाही. पुढचे काय सांगावे? सुतार अधूनमधून घड्याळाकडे बघे, दहा बावीस झालेले दिसत, आणि डोळे मिटून घेई. बाकीच्यांना वाटले, आज वेळ लांब वाटतो हा आपल्याच मनाचा चंचलपणा. ज्यांच्या मनगटावर घड्याळ होते त्यांनी ते सभेत बघणे असभ्य मानले. एका बाईंची बस गेली, पुढचीही गेली. कोणाच्या तरी घरी चुलीवर पातेले होते, ते जळाले. खालच्या दुकानदाराने दुपारी जेवायला जाताना दुकानाचे दार ओढून घेतले, त्या आवाजाने सगळे भानावर आले. सव्वाएक वाजला होता. मास्तर स्वतः त्या वेळी भुकेने कासावीस होऊन, ही मंडळी माझ्या भाषणाचा केवढा विचार करताहेत, अशा विचारात होते.

पाचव्या रविवारी भाषण आटोपून ते सुताराकडे पत्र मागायला गेले.

"आमच्यात प्रमुख कोणी नाही," सुतार म्हणाला.

"मग सही कोण करतं?"

"कोणी नाही करत. शिक्काही नाही. सभेत ठरलं तर बघू. महिन्याच्या शेवटी कामकाजाची सभा असते."

"मतदान?"

"छे. सगळ्यांना पटेपर्यंत बसायचं."

मास्तर निर्धास्त होते. सतरा माणसे पाच रविवार तोंडात बोट घालून आपल्याला ऐकत आली, त्यांना न पटायला काय झाले? महिन्याअखेरीच्या सभेत सुताराने मजकूर वाचला: 'हे गृहस्थ पाच रविवार आमच्या मौनात सहभागी झाले.' आणि विचारले, "कोणाला काही वाटतं?"

बराच वेळ कोणाला काही वाटले नाही. मग कोपऱ्यातल्या वृद्ध नर्सबाई उठल्या. चाळीस वर्षे रुग्णालयात काढलेली ती बाई, तिने आवाज चढवायचा सोडून दिला होता.

"माणूस चांगला आहे. वेळेवर येतो. घड्याळाचं मी धरत नाही. पण पत्रात खोटं कसं लिहायचं? मौनात आपण बसलो होतो. हे बोलत होते."

मास्तरांचे कान तापले. "पण बाई, तुमच्यात बोलायला परवानगी आहे!"

"आतून आलं तर."

"आतूनच आलं होतं!"

"दर रविवारी? अकराव्या मिनिटाला?"

कोणी हसले नाही. सिस्टरांच्या वर्गात हसले होते ते परवडले, असे मास्तरांना वाटले. सुतार समजुतीने म्हणाला, "'हजर होते' असं लिहून देऊ?" मास्तर तेवढे पत्र घेऊन खिडकीवर गेले. बाईंनी ते दोनदा वाचले. "'हजर' चालत नाही हो. 'सहभागी' हवं. अजून सहा आठवडे आहेत मुदतीला."

विमावाल्यांचा सल्ला सोपा होता. "माझं ऐका, एक शिक्का बनवून घ्या. चौकात मिळतो, गोल हवा तर गोल. सही मी करतो."

मास्तर त्या दिवशी प्रथमच मध्ये बोलले नाहीत. सल्ला त्यांना पटत होता, हे त्याचे कारण. ते चौकापर्यंत गेलेही. काचेमागे मांडलेले शिक्के पाहत उभे राहिले, आणि मग दुसऱ्याची उत्तरे पाहून लिहिणाऱ्या शेकडो पोरांचे कान त्यांनी पिळले होते, ते सगळे कान त्यांना आठवले. ते परत आले.

पुढचा रविवार त्यांनी रुमाल दातांत धरून काढला. त्याच्या पुढच्या रविवारी भिंतीच्या विटा मोजल्या; एकशे चौऱ्याण्णव भरल्या, आणि ही माहिती कोणालाच सांगता येत नाही म्हणून ते घामाघूम झाले. तिसऱ्या रविवारी मोजायला काही उरले नाही. अकरावे मिनिट आले आणि गेले. विसावे गेले. खाली कोणीतरी सायकलचे चाक हाताने फिरवून पाहत होते. त्याची टिकटिक हळूहळू मंदावत थांबली, आणि त्या थांबण्यात मास्तरांना एकाएकी मास्तरीणबाईंचा आवाज आठवला.

"अहो, मी काय म्हणत होते..."

एवढेच. हे वाक्य त्या रोज म्हणत, बहुधा भांडी आवरताना. आणि मास्तर म्हणत, "थांब, आधी हे ऐक." त्या थांबत. मास्तर आठवू लागले, की 'मी काय म्हणत होते'च्या पुढे काय असायचे? कधी काळी एखादे वाक्य तरी पुरे झाले असेल. लग्नाच्या पहिल्या वर्षी, मुलगी झाली तेव्हा, गेल्या उन्हाळ्यात, रुग्णालयात तरी. रुग्णालयात मास्तर त्यांना रक्ताभिसरण समजावून सांगत होते. तास भरेपर्यंत शोधून मास्तरांच्या हाती एकाही वाक्याचा शेवट लागला नाही. आणि वर्गात एखाद्या पोराला उत्तर आले नाही तर त्याला ओणवे उभे करणारा तो माणूस, पाठीचा कणा कसाही वाकवून, बाकावर बसून राहिला.

शेजारच्याने हात हातात घेतला तेव्हा तो नर्सबाईंचा आहे हे त्यांना उशिरा कळले. बाईंनी तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ धरला होता.

चौथा रविवार गेला, पाचवा गेला. कामकाजाच्या सभेत सुताराने पुन्हा विचारले, "कोणाला काही वाटतं?" नर्सबाई उठल्या, आणि मास्तरांनी मान खाली घातली.

"लिहा," त्या म्हणाल्या.

प्रमुख नसल्यामुळे सही सगळ्यांनी केली. एका सहीच्या जागेत सतरा सह्या. काही समासातून वर चढल्या, एक तर तारखेवर बसली. खिडकीतल्या बाईंनी कागद सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला.

"प्रमुख कोणता यातला?"

"कोणी नाही."

"आणि शिक्का?"

मास्तर काही बोलले नाहीत. खुलासा नाही, उदाहरण नाही. बाईंनी आश्चर्याने वर पाहिले, नियमांचे पुस्तक उघडले, ओळीवर बोट फिरवले. "शिक्का हवा असं आहे. कोणाचा ते लिहिलेलं नाही," असे पुटपुटून त्यांनी आपलाच 'मिळाले' हा शिक्का जोरात उमटवला. मग कपाटातून फाइल काढून दोन्ही हातांनी पुढे केली.

मास्तर आवारातल्या बाकावर बसले. खिशाला लाल पेन होते. अकरा ओळी होत्या, पण अक्षर मोठे, मजकूर थोडाच.

'माझे यजमान शिक्षक होते. त्यांना सगळे येते. माहितीपत्रकातले सगळे विषय त्यांनी मला घरीच शिकवले, फक्त हा एक शिकवला नाही. यातले त्यांना काही माहीत नाही असे ते स्वतः म्हणाले. म्हणून मला हा शिकायचा आहे. मी वर्गाहून घरी आले, की संध्याकाळी ते मला विचारतील, आज काय शिकवले. मग मी सांगेन.'

खाली आणखी एक प्रश्न होता: 'काही विशेष सोय हवी आहे का?' त्यापुढे लिहिले होते: 'वर्ग संध्याकाळी पाचपर्यंत सुटावा. ते एकटे असले की जेवत नाहीत.'

मास्तर घरी आले तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यांनी जेवणाच्या टेबलापाशी दोन खुर्च्या ओढल्या, एकीवर फाइल ठेवली आणि दुसरीवर स्वतः बसले.

"बरं," ते म्हणाले, "आज काय शिकवलं?"

आणि गप्प झाले. उन्हाचा चौकोन टेबलावरून भिंतीवर गेला, भिंतीवरून निघून गेला. मास्तरांनी कुठल्याच मिनिटाला तोंड उघडले नाही. तास भरला असावा, कारण सवयीने त्यांचा हात बाजूला गेला. तिथे खुर्चीची पाठ होती. ती त्यांनी धरली; पण हात पुढे फिरून यायला चौकोन पुरा नव्हता, त्यामुळे सभा संपेना.

शेवटी दारावरची घंटा वाजली. दारात विमावाले होते. मास्तरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला.

"काय झालं हो?" विमावाले बावरले.

"काही नाही. आत या. बसा."

विमावाले बसले. घाईघाईने म्हणाले, "माझं ऐका, मास्तर..." आणि सवयीप्रमाणे, मास्तर आता मध्ये बोलतील म्हणून थांबले.

"ऐकतोय," मास्तर म्हणाले.

विमावाल्यांनी तोंड उघडले, मिटले, टेबलाकडे पाहिले, फाइलकडे पाहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कोणी त्यांचे वाक्य पुरे व्हायची वाट पाहत होते, आणि पुढे काय म्हणायचे होते ते त्यांना काही केल्या आठवेना.

मास्तर थांबून राहिले. त्यांना घाई नव्हती.